बाराच्या जागेत बावीस

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर. इंग्लिश सेक्शनलाच दे की, असं मैत्रिणी म्हणत होत्या. पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याच्या नावाचा मी इंग्लिशमध्येच पहिला कचरा केला होता. पाचवीत असताना पियानोच्या पुस्तकावरचं नाव मी खणखणीत आवाजात चॉपिन असं वाचलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने देवनागरीत लिहून दिलं, शोपाँ. शेवटचा न नाकात. तेवढं शुद्धलेखन मला आयुष्यभर पुरलं.

सिस्टर म्हणजे आमच्या शाळेच्या पियानो टीचर. मूळच्या गोव्याच्या, मराठी बोलता बोलता मधेच कोंकणीत शिरणाऱ्या. तिसरीपासून दहावीपर्यंत आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडे जायचे. मग अकरावी-बारावी आली, सीईटी आली, आणि पियानो सुटला तो सुटलाच. हॉस्टेलच्या खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि एक कपाट, त्यात पियानो कुठे ठेवणार?

मागच्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले. आता त्या निवृत्त आहेत आणि दुसऱ्या गावी, त्यांच्याच संस्थेच्या घरात राहतात. तिथे एक जुना पियानो आहे. डोळ्यांचं काय झालंय ते त्यांनी अगदी हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं. नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग येतो, कडेचं दिसतं. बाकीचं पाठ असल्याने अडत नाही, पण शोपाँच्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये (ओपस ९, नंबर १) बोटं एका ठिकाणी हटकून विसरतात. पानात बघावं तर तिथे स्वरांऐवजी मुंग्यांची रांग दिसते. मी थर्ड इयर कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. छाती फुगवून म्हटलं, सिस्टर, मी तुम्हाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देते, त्यात काय एवढं!

आधी झेरॉक्स मोठी करून पाहिली. जुन्या छपाईची शाई फुटलेली, त्यामुळे मुंग्यांचे झुरळ झाले. मग म्युझस्कोर उतरवून घेतलं. हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि ओपन सोर्स. एका रविवारी होईल असं वाटलं होतं. पहिल्या दोन ओळीतच अडकले, आणि ते अडकणं इतके दिवस चाललं की शेवटी या शोपाँचं सगळं चरित्र वाचून काढावं लागलं. हा लेख म्हणजे त्या अडकण्याचा हिशोब.

अडचण काय ती सांगते, पियानो येत नसला तरी समजेल. पाश्चात्त्य स्वरलिपीत स्वरांच्या लांबीचा सगळा कारभार दोनाने भागण्यावर चालतो. पूर्ण स्वराचे दोन अर्धे, अर्ध्याचे दोन पाव, पावाचे दोन अष्टमांश. बायनरीच म्हणा ना. पुढे टिंब दिलं की दीडपट होतं, तेवढीच काय ती सवलत. पण एका मात्रेत तीन किंवा पाच किंवा सात सारखे स्वर बसवायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळं चिन्हच नाही. मग नेहमीचीच चिन्हं लिहितात आणि डोक्यावर आकडा टाकतात. ३ म्हणजे दोनाच्या जागेत तीन, ५ म्हणजे चाराच्या जागेत पाच, असं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. याला ट्युप्लेट म्हणतात. (आमच्या आजीची गाण्याची वही भातखंडे पद्धतीची आहे. त्यात एका मात्रेतल्या स्वरांखाली एक अर्धचंद्र काढला की झालं, आत तीन अक्षरं असोत की सात, मात्रेचे तेवढे भाग करायचे. या बाबतीत आपली वही सरस आहे, हे मी बिनदिक्कत लिहिते.)

माणूस आकडा बघून समजून घेतो, सॉफ्टवेअर घेत नाही. त्याला आधी सांगावं लागतं की किती स्वर, आणि ते कितीच्या जागेत. दोन ते नऊपर्यंत सोपं आहे, कंट्रोल दाबून आकडा दाबायचा. शोपाँच्या या नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताला एका बारमध्ये बारा अष्टमांश आहेत, सहा-सहाचे दोन गट, एका चालीत शेवटपर्यंत. त्याच्यावर उजव्या हाताला सुरुवातीलाच सहाच्या जागेत अकरा स्वर येतात, आणि लगेच पुढे बाराच्या जागेत बावीस. पुढे एके ठिकाणी वीसही आहेत. अकरा आणि बावीससाठी कंट्रोलची बटणं नाहीत. मेनूत जाऊन इतर असं निवडायचं आणि गुणोत्तर स्वतः भरायचं, ११:६.

मी भरलं. सगळा बार विस्कटला. अकराच्या अकरा स्वर एका अष्टमांशाच्या पोटात शिरून बसले, शेपट्यांवर शेपट्या. माझी चूक अशी की मी आधी एक छोटा अष्टमांश निवडला होता. सॉफ्टवेअर जो स्वर निवडलेला असेल त्याच्याच जागेचे भाग करतं. आधी पूर्ण जागा निवडायची, म्हणजे सहा अष्टमांशांएवढा टिंब दिलेला अर्धा स्वर, आणि मग सांगायचं की याचे अकरा कर. बावीससाठी तर सबंध बारच निवडायचा. आधी मेमरी अलोकेट करा, मग भरा. हे मला, कॉम्प्युटरच्या मुलीला, कळायला दोन संध्याकाळी लागल्या. कृपया आमच्या सरांना सांगू नका.

झालं एकदाचं. प्ले दाबलं. आणि जे ऐकू आलं ते शिलाई मशीन होतं.

चूक कुठेच नव्हती. सहा आणि अकराचा लसावि ६६. सहा अष्टमांशांच्या जागेचे ६६ तुकडे केले तर डाव्या हाताचा प्रत्येक स्वर ११ तुकड्यांचा आणि उजव्याचा ६ तुकड्यांचा. पहिला स्वर सोडला तर दोन्ही हात कुठेच एकत्र पडत नाहीत. बावीसच्या गटात निदान मध्यावर एकदा भेटतात, उजव्याचा बारावा आणि डाव्याचा सातवा. मिडी फाइलमध्ये सहसा पाव स्वराचे ४८० टिक असतात. म्हणजे सहा अष्टमांशांचे १४४०, त्याला अकराने भागा, १३०.९०९ आणि पुढे तेच अनंतापर्यंत. ४८० ला दोन, तीन, पाच यांनी भाग जातो, सात आणि अकराने जात नाही, त्यामुळे तिथे थोडं राउंडिंग होतं. पण ते कानाला कळत नाही. कानाला खटकत होतं ते वेगळंच. आमच्या वर्गात एक तबला वाजवणारा आहे, त्याला इअरफोन दिला. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला की ठेका ठीक आहे, पण गाणारा मेलाय.

मग प्रश्न पडला की मुळात या माणसाने बावीसच का लिहिले? चोवीस लिहिले असते तर एकेका स्वरावर दोन-दोन बसले असते, मीही सुटले असते आणि सिस्टरही.

फ्रेडरिक शोपाँ जन्मला १८१० मध्ये, वॉर्सा शहराजवळच्या झेलाझोवा वोला या खेड्यात. चर्चच्या नोंदीत तारीख २२ फेब्रुवारी आहे, घरचे १ मार्च मानायचे. (इथेही बावीस! पण तो योगायोग आहे, मी त्यातली नाही.) वडील मूळचे फ्रेंच, तरुणपणी पोलंडला आले आणि तिथलेच झाले. वॉर्साच्या शाळेत फ्रेंच शिकवायचे आणि घरी बाहेरगावची मुलं ठेवून घ्यायचे. आई पोलिश. तीन बहिणींत हा एकटा भाऊ, लुडविका मोठी, इझाबेला आणि एमिलिया धाकट्या. एमिलिया चौदाव्या वर्षी क्षयाने गेली. लुडविकाचं नाव लक्षात ठेवा.

सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापून आली. पियानोचे गुरू झिवनी नावाचे होते, आणि गंमत म्हणजे ते मुळात व्हायोलिनवाले. त्यांनी मुलाला बाख आणि मोझार्टची गोडी लावली, आणि तो बारा वर्षांचा झाला तेव्हा त्यांच्याकडे शिकवायला काही उरलं नाही. त्यानंतर पियानोसाठी त्याला असा नेमाचा गुरू नव्हताच. पुढे वॉर्साच्या संगीत विद्यालयात एल्सनर यांच्याकडे तो रचना शिकला. एल्सनर यांचं मोठेपण हे की या मुलाची रीत जगावेगळी आहे हे त्यांनी ओळखलं आणि नियमांचा आग्रह फार धरला नाही. असे एचओडी सगळ्यांना मिळोत.

या वयात त्याच्या कानावर दोन गोष्टी पडल्या, आणि माझ्या बावीस स्वरांचं मूळ मला त्या दोन्हींत सापडलं. पहिली म्हणजे खेड्यातली गाणी. १८२४ आणि १८२५ च्या उन्हाळी सुट्ट्या त्याने शाफार्निया नावाच्या गावात काढल्या. तिथे शेतकऱ्यांचे माझुर्का नाच ऐकले. हा नाच तीन मात्रांचा, पण वजन कधी दुसऱ्या मात्रेवर तर कधी तिसऱ्या, आणि एखादी मात्रा मधेच ताणलेली. दुसरी गोष्ट म्हणजे ऑपेरा. वॉर्साच्या रंगभूमीवर तेव्हा रोसिनीची इटालियन ऑपेरा जोरात होती. त्या गायकांची पद्धत अशी की सरळ सुरावलीत एखाद्या लांब स्वराच्या जागी बारीक बारीक हरकतींची झालर लावायची. खाली वाद्यवृंद आपला शांतपणे चाललेला आणि वर गायिका तेवढ्याच वेळात मनाला येतील तितके स्वर घेऊन परत जागेवर हजर. गायन शिकणारी कॉन्स्टान्सिया नावाची एक मुलगी त्याला आवडायची. ११ ऑक्टोबर १८३० ला वॉर्सात त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात ती रोसिनी गायली.

२ नोव्हेंबरला तो वॉर्साहून निघाला. चार आठवड्यांत, २९ नोव्हेंबरला, तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला. तोपर्यंत तो आणि त्याचा मित्र टायटस व्हिएन्नाला पोहोचले होते. टायटस लढायला परत गेला, शोपाँ राहिला. पुढच्या सप्टेंबरात वॉर्सा पडल्याची बातमी त्याला जर्मनीतल्या श्टुटगार्टला कळली. त्यानंतर तो पॅरिसला गेला आणि पोलंडला पुन्हा कधीच परतला नाही. वीस वर्षांचा होता हो निघाला तेव्हा. माझ्याच वयाचा. मी दर लाँग वीकेंडला घरी पळते.

ओपस ९ ची तीन नॉक्टर्न याच सुमाराची, १८३० ते १८३२ मधली. नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं गाणं. हा प्रकार जॉन फील्ड या आयरिश माणसाने रूढ केला, डावा हात शांतपणे झुलतोय आणि उजवा गातोय असा. शोपाँने साचा तोच घेतला आणि त्यात इटालियन गळा घातला. म्हणजे माझे अकरा आणि बावीस हे भागाकाराचं उत्तर नव्हतंच. ती हरकत होती. आधी ती गळ्यात आली, म्हणजे बोटांत. कागदावर उतरवताना मोजली तर बावीस भरली. तेवीस भरली असती तर त्याने तेवीस लिहिलं असतं!

पॅरिसला त्याचं बरं चाललं. १८३२ च्या फेब्रुवारीत पहिला कार्यक्रम झाला, मोठ्या घरांत ओळखी झाल्या, रोथशील्ड कुटुंबापर्यंत. पण हजार लोकांसमोर बसायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. आयुष्यभरात जाहीर कार्यक्रम तीसेकच केले. पोट भरलं ते शिकवण्यांवर, तासाला वीस फ्रँक, त्या काळी भरपूर. म्हणजे ज्याला आपण महान वगैरे म्हणतो तो रोजच्या रोज दुसऱ्यांच्या पोरीबाळींना शिकवणारा एक क्लासवाला मास्तर होता. हे वाचल्यापासून तो मला जास्त जवळचा वाटतो.

आणि हा मास्तर लयीच्या बाबतीत भयंकर कडक. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, असे नाजूक, खोकणारे कलावंत लय-बिय मानत नसतील. पण मिकुली नावाच्या त्याच्या शिष्याने नोंदवून ठेवलंय की शिकवताना मेट्रोनोम त्याच्या पियानोवरून कधी हलायचा नाही. त्याचं सांगणं असं होतं की डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्याने लय सोडायची नाही, आणि उजव्याने काय गायचं ते मोकळेपणी गावं, रेंगाळावं, घाई करावी. हे मी आमच्या तबलेवाल्याला सांगितलं तर तो वैतागला, की यात नवीन काय? ठेका धरून ठेवायचा, गाणाऱ्याने मधे काहीही करून समेवर यायचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. असेल बाबा.

गंमत अशी की त्याच्या काळातल्या बड्या बड्या लोकांना हे पटत नव्हतं. बर्लिओझचं मत होतं की शोपाँला लयीचा लगामच सहन होत नाही. चार्ल्स हाले, ज्याच्या नावाचा वाद्यवृंद पुढे मँचेस्टरला झाला, त्याने एकदा शोपाँला सांगितलं की तुम्ही माझुर्का वाजवता तेव्हा बारमध्ये तीन नाही, चार मात्रा भरतात. शोपाँने साफ नाकारलं. मग हालेने त्याला वाजवायला लावलं आणि शेजारी उभं राहून मोठ्याने चार मोजून दाखवले. तेव्हा शोपाँ हसला आणि त्याने मान्य केलं, की हा आमच्या देशाच्या नाचाचाच स्वभाव आहे. पण मायरबीअर या त्या वेळच्या नामवंत संगीतकाराने तीच शंका काढली तेव्हा तो हसला नाही, भडकलाच. लेंझ नावाच्या शिष्याचा तेव्हा तास चालू होता, त्याने हा किस्सा लिहून ठेवलाय. मायरबीअर म्हणे दोन मात्रा, शोपाँ म्हणे तीन, आणि एरवी हळू बोलणारा हा माणूस मोठमोठ्याने मात्रा मोजत पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, चेहरा लालबुंद. दोघंही आपापल्या कानाशी प्रामाणिक होते असं मला वाटतं. एक मात्रा इतकी ताणली जायची की मोजणाऱ्याच्या हिशोबात बसायची नाही, आणि वाजवणाऱ्याला मात्र ती एकच मात्रा. म्युझस्कोरमध्ये हा नाच तीनचा टाकला तरी चूक आणि चारचा टाकला तरी चूक.

छपाईचाही घोळ होता. तेव्हा कॉपीराइट देशापुरता असायचा, म्हणून एकच रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये तीन वेगळे प्रकाशक छापायचे. झेरॉक्स नव्हती, हाताने नकला करायच्या, प्रत्येक नकलेत काहीतरी बदलायचं, आणि खुद्द शोपाँच प्रुफात आणखी बदल करायचा. त्यामुळे तिन्ही छपाया एकमेकींशी जुळत नाहीत. तीन ब्रँच आणि मर्ज करायला कोणी नाही! लंडनचा प्रकाशक तर स्वतःच्या मनाने नावं द्यायचा, ओपस ९ ला त्याने सीन नदीची कुजबुज असं काहीतरी नाव दिलं. शोपाँला असल्या नावांचा राग यायचा, तो आपला नुसते नंबर देणारा माणूस.

पण सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ते त्याच्या शिष्यांच्या वह्यांपाशी. जेन स्टर्लिंग, कमिल द्युब्वा अशा काही विद्यार्थिनींच्या छापील प्रती अजून जपलेल्या आहेत, आणि त्यांवर शोपाँच्या स्वतःच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. कुठे बोटांचे आकडे, कुठे दुरुस्त केलेला स्वर, कुठे वरच्या झालरीतला स्वर खालच्या कोणत्या स्वराबरोबर पडायचा ते दाखवणारी तिरकी रेघ. ओपस ९ च्या दुसऱ्या नॉक्टर्नमध्ये तर त्याने वेगवेगळ्या शिष्यांना वेगवेगळ्या हरकती लिहून दिल्यात. छापून आलं म्हणजे कायमचं ठरलं असं त्याने कधी मानलंच नाही. समोर बसलेल्या पोरीची बोटं बघायचा आणि पेन्सिल उचलायचा. आणि मी इथे ११:६ बरोबर की चूक म्हणून रात्र रात्र जागतेय.

पुढची वर्षं भराभर सांगते, कारण तो भाग सिनेमांमुळे बऱ्याच जणांना माहीत असतो. जॉर्ज सँड या पुरुषी नावाने लिहिणाऱ्या लेखिकेबरोबर तो १८३८ ते १८४७ अशी साधारण नऊ वर्षं होता. १८३८-३९ च्या हिवाळ्यात दोघं तिच्या मुलांसह मायोर्का बेटावर गेले. त्याला क्षय आहे अशी कुणकुण लागताच घरमालकाने बाहेर काढलं, मग वाल्देमोसाच्या ओस पडलेल्या मठात राहिले. पॅरिसहून मागवलेला पियानो कस्टममध्ये अडकला. चोवीस प्रेल्यूड त्याने तिथेच पुरी केली. त्यानंतर उन्हाळे नोहाँ इथल्या सँडच्या घरी जायचे. तो कसा काम करायचा ते तिने लिहून ठेवलंय. सुचायचं एका झटक्यात, फिरताना किंवा पियानोवर. मग कागदावर उतरवताना छळ सुरू. खोलीत कोंडून घ्यायचा, येरझाऱ्या घालायचा, रडायचा, लेखण्या मोडायचा, एक बार शंभरदा बदलायचा, आणि एका पानावर सहा आठवडे घालवून शेवटी पहिल्या दिवशी लिहिलं होतं तेच ठेवायचा. कंट्रोल झेड नसताना सहा आठवडे मागे जाऊन पहिल्या दिवसावर येणं, विचार करा.

१८४७ ला दोघं वेगळे झाले. १६ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसमधला शेवटचा कार्यक्रम झाला, त्याच महिन्यात क्रांती झाली आणि शिकवण्या देणारी बडी घरं पांगली. जेन स्टर्लिंग, तीच पेन्सिलच्या खुणांवाली, त्याला इंग्लंड-स्कॉटलंडला घेऊन गेली. तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता, नोकर उचलून न्यायचा. १६ नोव्हेंबर १८४८ ला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी तो वाजवायला बसला, तो शेवटचा जाहीर कार्यक्रम. पुढच्या वर्षी लुडविका वॉर्साहून पॅरिसला आली आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली. १७ ऑक्टोबर १८४९ ला तो गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. शरीर पॅरिसला पुरलं. हृदय त्याच्या इच्छेप्रमाणे काढून लुडविकाने बरणीत घालून वॉर्साला नेलं, आणि ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे. दुसऱ्या महायुद्धात ते बाहेर काढावं लागलं होतं, १७ ऑक्टोबर १९४५ ला परत आणून ठेवलं. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी बरणी न उघडता तपासणी केली आणि क्षयच हृदयापर्यंत पोहोचला असावा असा निष्कर्ष काढला. आणखी एक गोष्ट मागे राहिली. क्लेसिंजर या शिल्पकाराने त्याच्या हाताचा साचा घेतला होता. तो डावा हात आहे.

न छापलेलं सगळं जाळून टाका असं त्याने सांगून ठेवलं होतं. मित्र फोंतानाने घरच्यांच्या संमतीने ते जाळायच्या ऐवजी छापलं. १८५५ मध्ये आलेलं फँटसी-इम्प्रॉम्प्ट्यू त्यातलंच, ज्यात उजव्या हाताला चार आणि डाव्याला तीन असं सुरुवातीला पानंच्या पानं चालतं. नववीत त्याच्यावर मी दोन महिने रडले होते. फोंतानाने ऐकलं असतं तर ते दोन महिने वाचले असते.

असो. एवढं वाचून झाल्यावर मी पुन्हा फाइल उघडली. सबमिशनचा आठवडा होता, पण आता अर्धवट ठेवणं शक्य नव्हतं. प्ले बटणाकडे परत बघितलं नाही. आकडा गुणोत्तराच्या रूपात न दाखवता नुसता ११ आणि नुसता २२ ठेवला. कंस काढून टाकला, अधू नजरेला तेवढीच एक रेघ कमी. स्टाफ स्पेस, म्हणजे पट्टीच्या दोन रेघांमधलं अंतर, पावणेदोन मिलिमीटर असतं ते तीन केलं. पान आडवं. बावीसचा बार एका ओळीत एकटाच. शोपाँच्या त्या तिरक्या रेघा आठवून मीही शहाणपणा केला, बाराव्या स्वरापासून खालच्या सातव्यापर्यंत एक तुटक रेघ काढली, म्हणजे सिस्टरना कळेल की हात कुठे भेटतात. एकूण एकोणीस पानं झाली. मेसच्या समोरच्या दुकानातून प्रिंट काढले आणि पाठवले.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. तिसऱ्या पानावर एक फ्लॅट राहिला होता, तो लाल पेनाने मोठा गोल करून दाखवलेला. सातव्या पानावर फिंगरिंग बदललेलं. पहिल्या पानावर माझ्या तुटक रेघेला पेन्सिलने गोल केलाय आणि त्यातून उजवीकडे एक छोटा बाण काढलाय. म्हणजे सिस्टरचा बारावा स्वर सातव्यावर पडत नाही, थोडा मागाहून येतो. पेन्सिलची रेघ वाकडी आहे, कागदावरून सरकत समासात गेलीय. मागच्या पानावर, चार ओळींची जागा खाणाऱ्या अक्षरात, दोन गोष्टी आहेत. एक, अजून थोडं मोठं हवं. दोन, तिसरं नॉक्टर्न कधी?

स्टाफ स्पेस साडेतीन केलाय. एकोणीसची सव्वीस पानं झालीत. तुटक रेघ काढून टाकली आणि तो बाण मात्र ठेवलाय.